चार चिरा

ओसलानं सूट टेबलावर टाकला, वाळूसकट,
नि म्हणाली, तू फाडलायस, तूच सांध.
मग चहा निम्मा पिऊन
धक्क्याकडं निघून गेली.

खरंय. मीच फाडला.
डाव्या खांद्यामागं चार चिरा,
नखाएवढ्या, नखासारख्याच वाकड्या.
गावात तिनं सांगितलंय, खडकाला घासला.
दुकानातल्या गिबीनं मला विचारलं
तेव्हा मीही म्हटलं,
फार वाईट खडक आहेत त्या बाजूला.

शेटलंडात जन्मले, हाताला आपसूक सुई सापडते.
पण इथं सुईचं काम नाही.
सुई आरपार गेली की पाणी तिथूनच शिरतं,
प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक.
इथं लागतो ट्यूबमधला काळा डिंक,
वासानं डोकं चढवणारा.
म्हणून डिसेंबरात खिडकी सताड उघडून बसलेय,
स्वेटरवर स्वेटर घालून.

आधी गोड्या पाण्यानं धुतला,
मीठ राहिलं तर डिंक धरत नाही.
दोन दिवस टांगला चुलीवरच्या दांडीला.
रात्री पाणी प्यायला उठले
तर अंधारात बिनडोक्याची ओसला लटकलेली.
दिवा लावला, तरी धडधड लगेच थांबली नाही.

चीर दोन बोटांनी फाकवायची,
दोन्ही कडांना डिंकाचा पातळ हात द्यायचा
आणि जोडायचं नाही.
हेच मला जमत नाही.
पाच मिनिटं नुसतं धरून बसायचं
फाटलेलं फाटलेलंच ठेवून.
मग दुसरा हात, पुन्हा थांबणं,
बोटाच्या पाठीला चिकटेनासा होईपर्यंत.
ओलं असताना घाईनं जोडलं की सुटतं.
सुकत आलं की एकदाच टेकवायचं;
चुकलं तर चुकलं.

त्या पाच मिनिटांत मी घड्याळाकडं बघते
आणि समुद्रच दिसतो.
एक सील दोनदा डोकं काढून बघून गेला होता.
ती पुढं, नेहमीसारखी,
साठीतही मला हरवायची हौस.
मग तिची नारिंगी टोपी थांबली.
हाक नाही, हात वर नाही.
बुडणारं माणूस ओरडतं असं मला वाटायचं.
मानेमागं पकडलं, निसटली.
खांद्याला पकडलं, सापडेल तिथं, सापडेल तसं,
आणि उताणी होऊन पाय मारत राहिले
टाचेला गोटे लागेपर्यंत.
ती खोकली, खोकली, मग म्हणाली,
पाय वळला होता नुसता.
मी म्हटलं, हो.

रात्री आंघोळीनंतरही
माझ्या नखांत काळं रबर होतं.
टाचणीनं काढलं, तिळाएवढाले तुकडे.
फेकायला हात होईना.
बशीच्या कडेला ठेवले, अजून तिथंच आहेत.

तीन चिरा झाल्या.
चौथी तर्जनीची, आतल्या कापडापर्यंत गेलेली.
तिला आतून पट्टी लावली,
वर पिठाचा डबा ठेवला, रात्रभर.

हा सूट कुणालाच कोरडं ठेवत नाही.
थोडं पाणी आत घेतो, अडवून धरतो,
मग आपलंच अंग त्याला तापवतं.
फुकटची ऊब, ओसला म्हणते.
फुकट कुठली?
पहिल्या मिनिटाला ते पाणी
एकेक हाड मोजून घेतं.

नवानंतर कधीतरी उजाडलं. ती आली.
सूट उलटा करून खिडकीशी धरला,
चारही जागी अंगठा फिरवला, ताणून पाहिला.
बरं झालंय, म्हणाली.
मग माझा हात ओढून घेतला,
बोटं एकेक करून बघितली,
आणि खिशातून नेलकटर काढून टेबलावर ठेवलं.
रविवारी भरती अकराला आहे,
एवढं दारातून सांगून गेली.

नेलकटर मी सुयांच्या डब्यात टाकलं, तळाशी.
नखं आहेत तशीच आहेत.